लवचिक म्हणजे मोकाट नव्हे

लहान व्यापाऱ्यासाठी संगणकप्रणाली लिहिताना विदारचना (माहिती साठविण्याची व परस्परांशी जोडण्याची पद्धत) लवचिक असावी असे म्हटले, की तीत कोणतीही माहिती कोठेही कोंबता यावी, असा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. वस्तुतः लवचिक रचना ती, जिच्यात नव्या गरजेची भर घातली असता जुन्या नोंदींना धक्का लागत नाही.

दुकानातील खतावणी पाहावी. नवे गिऱ्हाईक आले की नवे खाते उघडते, वही बदलावी लागत नाही; परंतु तारीख, तपशील, जमा आणि नावे हे रकाने प्रत्येक खात्यात तेच राहतात, आणि म्हणूनच वर्षअखेरीस हिशेब जुळतो.

संगणकातही हाच न्याय. ग्राहकाच्या नोंदीत दूरध्वनीचे दोनच रकाने आखले, तर तिसरा क्रमांक येताच आराखडा मोडतो. त्याऐवजी क्रमांकांचे स्वतंत्र कोष्टक करून प्रत्येक ओळ ग्राहकाच्या ओळखक्रमांकाशी जोडली, तर कितीही क्रमांक सुखाने मावतात. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात (परस्परसंबद्ध कोष्टकांच्या पद्धतीत) अशाच जोडणीला स्थान आहे. कापडाचा पन्हा, चपलेचे माप असे मालागणिक बदलणारे गुणधर्म 'जेसॉन' (नाव व मूल्य यांच्या जोड्यांचा मजकूर) या स्वरूपात ठेवणे सोयीचे असते. रक्कम, तारीख आणि कराचा दर यांना मात्र ठाम रकानेच हवेत. कारण ज्यांवर हिशेब उभा राहावयाचा, त्यांच्या बाबतीतील ढिलाई ही लवचिकता नसून गफलत होय.