चार्ल्स्टनची कोळंबी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात मासे खायला गेलं, की जेवणाआधी घराची ओळख होते. हे घर अमुक साली बांधलं, इथे आधी दलालाची कचेरी होती, मग न्हाव्याचं दुकान. मेनूकार्डाच्या पाठीवर नाहीतर दाराशेजारच्या पाटीवर ही वंशावळ बहुधा सापडतेच. क्वीन स्ट्रीटवरचं ‘हस्क’ १८९३च्या घरात आहे. बंदराला लागून असलेलं ‘फ्लीट लँडिंग’ ज्या इमारतीत आहे, ती नौदलानं १९४२ साली खलाशांना उतरवून घेण्यासाठी बांधली. निव्वळ काँक्रीट, नक्षीचा पत्ता नाही, आणि तरी आज तीही ऐतिहासिक. ऐंशी वर्षं उभं राहिलं की काँक्रीटलाही कुळ मिळतं.

जुन्या विटांच्या भिंतींवर जागोजागी लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला. सुमारे साठ माणसं दगावली, शहरातली बहुतेक घरं तडकली. मग समोरासमोरच्या भिंतींतून आरपार लोखंडी गज घातले आणि बाहेरून चकत्या लावून पिळून घट्ट केले. पर्यटक या चकत्यांचे फोटो काढतात. त्या भिंती मुळात कोणाच्या पैशांनी उभ्या राहिल्या, हे विचारायला फारसं कोणी थांबत नाही.

पैसा तांदळाचा होता. ‘कॅरोलायना गोल्ड’ या जातीचा भात अ‍ॅशली, कूपर, सँटी या नद्यांच्या काठच्या दलदलीत पिकत असे. भरतीचं पाणी वर चढलं की नदीचं गोडं पाणी मागे रेटलं जातं. ते लाकडी दारांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. गोव्यातली खाजणं खारं पाणी बाहेर ठेवायला बांधलेली, इथे त्याच भरतीला शेत शिंपायला लावलेलं. इथले बांध घातले गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकन माणसांनी. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरात उतरले, असा अंदाज आहे. भातशेतीचं ज्ञानही पश्चिम आफ्रिकेतूनच आलं, असं अभ्यासक ज्युडिथ कार्नी यांनी २००१च्या ‘ब्लॅक राइस’ या पुस्तकात मांडलं. २००७ साली तीन इतिहासकारांनी गुलामांच्या जहाजांची आकडेवारी पुढे ठेवून त्याला हरकत घेतली. हा वाद मिटलेला नाही. मात्र चिखलात कंबरभर उभं कोण होतं, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

स्वयंपाकघरातही तेच लोक होते. शहरातला सर्वांत नावाजलेला खानपानवाला नॅट फुलर हा स्वतः गुलाम होता. मेजवान्यांची कंत्राटं घ्यायचा आणि मिळकतीतला वाटा मालकाला द्यायचा. १८६०च्या सुमारास चर्च स्ट्रीटवर त्यानं ‘बॅचलर्स रिट्रीट’ नावाची खाणावळ काढली. खाणावळ म्हटलं खरं, पण तिथे श्रीमंतांची ऊठबस असे. १८६५च्या वसंतात, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता, त्यानं काळ्या आणि गोऱ्या पाहुण्यांना एकाच टेबलाशी बसवून जेवू घातलं. गोऱ्या घरांत त्यावर नाकं मुरडली गेली. पुढच्याच वर्षी फुलर वारला आणि जवळजवळ दीडशे वर्षं विस्मरणात गेला. २०१५ मध्ये शहरातल्या आचाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी त्या मेजवानीची पुन्हा पंगत मांडली, तेव्हा कुठे त्याचं नाव वर आलं.

युद्धानंतर शहर कंगाल झालं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता, म्हणून ती राहिली. वारसा जपला गेला त्यात दारिद्र्याचा हात मोठा आहे. जपणूक ठरवून सुरू झाली ती १९२० साली. एका भातमळेवाल्याचं १८०३च्या सुमाराचं घर पाडलं जाणार असं दिसताच सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांनी जुन्या घरांसाठी एक संस्था काढली. १९३१ मध्ये नगरपालिकेनं वारसा विभागाचा नियम केला. अमेरिकेतला तो तसला पहिलाच. तेव्हापासून त्या विभागात घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर नगरपालिकेच्या मंडळाची परवानगी लागते.

या जपणुकीला दुसरी बाजू आहे आणि ती पाटीवर येत नाही. जी घरं ‘मोडकळीला आलेली’ म्हणून विकत घेतली गेली, त्यांत माणसं राहत होती आणि त्यातली बरीच काळी होती. फ्रॉस्टबाईंनी नीट केलेल्या गल्ल्यांतले भाडेकरू गेले. चर्च स्ट्रीटवरची ‘कॅबेज रो’ ही चाळवजा इमारतही अशीच रिकामी झाली. तीच इमारत डुबोस हेवर्ड यांच्या १९२५च्या ‘पोर्गी’ या कादंबरीतल्या वस्तीचा नमुना, आणि त्या कादंबरीवरूनच १९३५ मध्ये संगीतकार गर्शविननं ऑपेरा केला. ऑपेरा जगभर गाजला, पण त्यात दाखवलेल्या वस्तीतले लोक तोवर तिथून गेले होते.

हेवर्डच्या कथेत वादळात सापडणारे कोळी आहेत, ते खरे होते. त्यांच्या छोट्या शिडाच्या होड्यांना ‘मॉस्किटो फ्लीट’ म्हणत. सगळे काळे कोळी. पहाटे अ‍ॅजर्स धक्क्यावरून निघायचे, खुल्या समुद्रात जायचे. मासळी गल्लोगल्ली आरोळ्या देत विकली जाई. खाड्यांमध्ये कोळंबी धरायची ती पाग फेकून, आणि तो विणायची कला गला समाजात, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांत, बापाकडून मुलाकडे आली. वादळांनी हा ताफा पुन्हा पुन्हा फोडला, आणि उरलासुरला १९८९च्या ‘ह्युगो’ चक्रीवादळानं संपवला.

ताटाकडे यायला इतका वेळ लागला, कारण ताटाची गोष्ट याच लोकांपासून सुरू होते. ‘श्रिंप अँड ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्यांवर परतलेली कोळंबी. आज ती दक्षिणेच्या परंपरेचं बोधचिन्ह झाली आहे, आणि अठराव्या शतकातल्या घरात बसून खाताना ती घराइतकीच जुनी वाटते. खाड्यांकाठच्या लोकांची न्याहारी म्हणून ती जुनी आहेच. चार्ल्स्टनच्या १९३० सालच्या एका पाकपुस्तकातही ती न्याहारीच आहे, कोळंबीच्या हंगामात घरोघरी होणारी. पण हॉटेलातलं रात्रीचं पक्वान्न म्हणून तिचं वय फार नाही. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावी बिल नील या आचाऱ्यानं ‘क्रुक्स कॉर्नर’मध्ये तिच्यात चीज, बेकन, मशरूम घातले. १९८५ मध्ये खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लिहिलं आणि ती देशभर पसरली. नीलच्या हाताखाली तयार झालेल्या रॉबर्ट स्टेलिंग यांनी १९९६ मध्ये चार्ल्स्टनच्या एका जुन्या घरात ‘होमिनी ग्रिल’ उघडलं. म्हणजे कोळ्यांची न्याहारी राज्याबाहेर जाऊन, चीज-बेकन लेवून परत आली. मला ती नव्या रूपातही आवडते; फक्त बेकनचा धूर कोळंबीची गोडी झाकून टाकतो.

आता कोळंबीकडे. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीपैकी ९० टक्क्यांहून जास्त आयात होते आणि सर्वांत मोठा पुरवठादार भारत आहे. त्यातला मोठा वाटा आंध्र प्रदेशच्या तळ्यांतल्या ‘वनामी’चा. ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. आपल्याकडे २००९ मध्ये तिच्या पालनाला परवानगी मिळाली. दुकानात विकल्या जाणाऱ्या मासळीवर देशाचं नाव लिहिण्याची सक्ती अमेरिकेत २००५ पासून आहे, पण त्या केंद्रीय नियमातून हॉटेलं वगळलेली. २०२५ मध्ये चार्ल्स्टनच्या हॉटेलांतल्या कोळंबीची जनुकीय चाचणी झाली. स्थानिक म्हणून वाढलेली कोळंबी परदेशी निघाल्याचा आरोप झाला आणि राज्यातल्या कोळंबीवाल्या मच्छिमारांची संघटना न्यायालयात गेली. गोदावरी-कृष्णेच्या काठची कोळंबी खाणं यात काही वाईट नाही. वाईट आहे ते तिला चार्ल्स्टनजवळच्या शेम क्रीक या खाडीची म्हणून वाढणं. शेम क्रीकच्या धक्क्यावर आता मोजके ट्रॉलर उरलेत. डिझेल महाग आणि भाव आयात मालामुळे पडलेला.

लुईझियाना आणि अलाबामा यांसारख्या राज्यांनी हॉटेलांनाही कोळंबीचं मूळ सांगायला भाग पाडलं आहे. चार्ल्स्टनला जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं, की तिथली पांढरी कोळंबी शरद ऋतूत भरते आणि हिवाळा सरता सरता ट्रॉलरना समुद्र सहसा बंद असतो. मार्चमध्ये कोणी ‘आजची ताजी, इथलीच’ म्हणालं, तर कोणत्या बोटीची, हे विचारायला हरकत नाही.