रंगीत रोल दुर्मीळ आणि महाग का झाला?

रंगीत निगेटिव्ह फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढवलेले जिलेटिनचे दहा-पंधरा थर. सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी. त्यांत निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे कण असतात, तसेच डेव्हलपिंगच्या वेळी रंग घडवणारी रसायनेही असतात. मीटरभराहून रुंद पट्टीवर हे थर मिट्ट अंधारात एकसारखे बसवावे लागतात. त्यासाठीची यंत्रे प्रचंड खप गृहीत धरूनच उभारलेली असतात. खप घटला तरी त्यांचा खर्च घटत नाही. तो उरलेल्या थोड्या रोलांवर पडतो.

भारतात रंगीत फिल्म पहिल्यापासून परदेशावर अवलंबून राहिली. ‘प्रभात’ चित्रसंस्थेच्या ‘सैरंध्री’ (1933) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत काढाव्या लागल्या. उटीला 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा भर कृष्णधवल आणि क्ष-किरण फिल्मवर राहिला. हिंगण्यासारख्या तालुक्याच्या गावी लग्न-मुंजीच्या फोटोंसाठी वापरला जाणारा रंगीत रोलही या आयातीच्याच जोरावर मिळत असे.

डिजिटल कॅमेरा आल्यावर हा पुरवठा झपाट्याने आटला. 2005 मध्ये आग्फाफोटोचे दिवाळे निघाले, 2006 मध्ये कोनिका मिनोल्टाने फिल्मचा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. कोडॅकने 1935 पासून चाललेली कोडाक्रोम फिल्म 2009 मध्ये थांबवली आणि 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. फुजीने 2013 मध्ये चित्रपटांसाठीच्या फिल्मचे उत्पादन संपवले. 2021 मध्ये कच्च्या मालाच्या अडचणीमुळे ‘प्रो 400 एच’ ही रंगीत फिल्मही बंद केली.

रोल मिळाला तरी तो धुणारी लॅब हवी. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-41 प्रक्रियेत डेव्हलपर 37.8 अंश सेल्सियसवर ठेवून फिल्म सव्वातीन मिनिटे धुतात. तापमान जरा हलले की रंग बिघडतात. रोज पुरेसे रोल आले नाहीत तर रसायने हवेने खराब होतात, म्हणून काम घटलेल्या लॅबला मशीन चालू ठेवणे परवडत नाही.

अलीकडे मागणी पुन्हा वाढली आहे. कोडॅकने 2018 मध्ये एक्टाक्रोम परत आणली, ब्रिटनच्या हारमनने 2023 मध्ये ‘फिनिक्स’ ही रंगीत फिल्म काढली. कृष्णधवल फिल्म लहान कारखान्यालाही जमते. रंगीत फिल्मला मोठा कारखाना आणि नियमित गिऱ्हाईक दोन्ही लागतात. म्हणूनच वापरला जाणारा प्रत्येक रोल हे माध्यम टिकवण्यास हातभार लावतो.