संमीलनाची भट्टी – लेखांक ५ : धातूत मुरलेला हायड्रोजन

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपे एकत्र आली की १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन सुटतो, हे मागच्या आठवड्यात पाहिले. तो भट्टीच्या भिंतीत घुसला की धातूचे काय होते, हा आजचा विषय. त्यासाठी आम्हा ग्वाल्हेरकरांना फार लांब जायला नको. आग्र्याच्या वाटेवर मुरैनाच्या पुढे जी चंबळ लागते, तिच्याच वरच्या अंगाला, राजस्थानात रावतभाट्याला अणुवीज केंद्र आहे.

ते केंद्र विखंडनाचे. पण न्यूट्रॉनचा मारा आणि हायड्रोजन एकाच धातूच्या वाट्याला आले तर काय होते, हे आपल्या अभियंत्यांनी तिथे जवळून पाहिले आहे. तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीत झिर्कलॉय-२ च्या ३०६ दाबनळ्या होत्या. प्रत्येक नळी सुमारे ५ मीटर लांब. आत इंधन आणि अडीचशे अंशांच्या वर तापलेले जड पाणी. या पाण्याने नळी आतून किंचित गंजते, त्यात ड्यूटेरियम सुटतो आणि त्यातला थोडा धातूतच मुरतो. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने नळी वर्षागणिक मधोमध खाली झुकत जाते. ती बाहेरच्या थंड नळीला टेकली, की आत मुरलेला हायड्रोजन त्या गार जागेकडे सरकतो, तिथे ठिसूळ हायड्राइडचा फोड धरतो आणि फोडाला तडा जाऊ शकतो. १९८३ साली कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात अशीच एक नळी फुटली. रावतभाट्याला १९९० च्या दशकात भट्टी काही वर्षे बंद ठेवून सगळ्या ३०६ नळ्या बदलल्या आणि झिर्कोनियम-निओबियमच्या नव्या बसवल्या. किरणोत्सर्ग सांभाळत केलेल्या या कामाचे कौतुक आपल्याकडे फारच कमी झाले.

संमीलनाच्या भट्टीत भिंतीसाठी पसंती आहे टंगस्टनला. तो ३,४२२ अंशांना वितळतो आणि हायड्रोजनला सहसा थारा देत नाही. त्याचे हायड्राइडही बनत नाही. अडचण न्यूट्रॉन आणतो. त्याच्या धडकेने अणू जागचे उडतात, मागे रिकाम्या जागा राहतात आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत पाणी साचावे तसा हायड्रोजन त्यांत साचतो. एकेका रिकाम्या जागेत अनेक अणू मावतात. असा तुकडा निर्वातात तापवला तर शेवटचा वायू सुटायला बरेच जास्त तापमान गाठावे लागते.

अडकणारा हायड्रोजन साधा नव्हे, त्यात ट्रिटियम असतो. तो किरणोत्सारी, १२.३ वर्षांत निम्मा होणारा आणि दुर्मीळ. इंग्लंडमधल्या जेट या संमीलन यंत्रात १९९७ च्या प्रयोगांत दिलेल्या ट्रिटियमपैकी जवळपास तिसरा हिस्सा आतच अडकून राहिला होता. तेव्हा तिथली भिंत कार्बनची होती. धातूंकडे वळण्याचे ते एक मोठे कारण.

धातूच्या भिंती किती टिकतील, हे पाहायला इतक्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनचा पुरेसा जोरकस झरा आज जगात कुठेच नाही. म्हणून संशोधक टंगस्टनवर जड आयनांचा मारा करून मुद्दाम इजा करतात, मग त्यात ड्यूटेरियम भरून किती अडकला ते मोजतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही असे काम झाले आहे. पण आयन पृष्ठभागालगतच थांबतात आणि न्यूट्रॉन पार आत शिरतो, त्यामुळे या आकड्यांवर भिंतीचे आयुष्य ठरवणे मला धोक्याचे वाटते. खऱ्या न्यूट्रॉनची चाचणी झाल्याशिवाय संमीलनाच्या विजेची तारीख कुणी सांगितली, तर वाचकांनी आधी भिंतीबद्दल विचारावे.

पुढच्या आठवड्यात : लिथियमपासून ट्रिटियम.