आला मेला!
पडद्यावर निळूभाऊ फुले आले, की आमची आई पदर सावरून बसायची. "आला मेला!" म्हणायची. खरं तर हा माणूस पुण्यात माळीकाम करत सेवादलाच्या कलापथकातून पुढं आलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'नंतर सिनेमात पाटील, सरपंच होऊन बसला. पण 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव आठवा! आवाज न चढवता अंगावर काटा आणतो.

महिला मंडळातर्फे एका विधवेच्या जमिनीसाठी गेले, तर तिथला पुढारी अगदी तसाच गोड. "ताई, आधी चहा घ्या." म्हटलं, आधी सातबारा दाखवा.

२००९ साली निळूभाऊ गेले, तेव्हा आईनंच डोळ्याला पदर लावला.