पासवर्ड कोणाला सांगितला नाही, तरी अकाउंट गेलं कसं? समजून घ्या लॉगिन कुकीचं गणित

सिंधुदुर्गातल्या खारेपाटणच्या एका ताम्रपटावर शके १०१६ हे साल आहे. शिलाहार राजा अनंतदेवाने भाभण श्रेष्ठी आणि त्याच्या भावाला त्यात जकातमाफी दिली होती. ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांवर त्यांच्या मालाला जकात नाही. आता समजा, ही सनद चोराच्या हाती लागली आणि नाक्यावरचा माणूस चेहरा न बघता फक्त सनद बघतो?

वेबसाइटची लॉगिन कुकी नेमकी अशीच चालते.

तुम्ही पासवर्ड टाकला की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न लागणारा कोड देतो. पुढे प्रत्येक क्लिकला ब्राउझर तोच दाखवतो, म्हणून फेसबुक रोज पासवर्ड विचारत नाही. पण कुकी चोरणाऱ्यालाही पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही. मार्च २०२३ मध्ये 'लायनस टेक टिप्स' हे दीड कोटी सबस्क्रायबरचं यूट्यूब चॅनल असंच हॅक झालं. स्पॉन्सरशिपची ऑफर वाटणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली आणि मालवेअरने सेशन उचललं.

कुकीचं कुलूप वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असतं. 'सिक्युअर' लावलं की कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जाते. २०१० मध्ये 'फायरशीप' या एक्स्टेंशनने उघड्या वाय-फायवर शेजारच्याचं अकाउंट किती सहज उघडतं हे दाखवलं, ते कुकी उघडी फिरत होती म्हणूनच. 'एचटीटीपी-ओन्ली' लावलं की पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. म्हणजे कोणी कमेंटमध्ये स्क्रिप्ट लपवली, तरी तिला कुकी दिसत नाही.

खरा घोळ 'सेमसाइट'मध्ये होतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची का, हे ते ठरवतं. 'स्ट्रिक्ट' ठेवलं तर पाठवायचीच नाही. पैसे भरून परत आल्यावर लॉगआउट झाल्यासारखं दिसतं, त्याचं एक कारण हेच. 'लॅक्स'मध्ये लिंकवर क्लिक करून आलात तर कुकी जाते, पण दुसऱ्या साइटने तुमच्या नावाने परस्पर पाठवलेल्या फॉर्मसोबत जात नाही. वेबसाइटने काहीच सांगितलं नसेल, तर क्रोम २०२० पासून 'लॅक्स' धरतो. 'नन' हवं असेल, तर 'सिक्युअर' सक्तीचं.

मात्र लायनसला यातलं काहीच वाचवू शकलं नसतं, कारण मालवेअर थेट कॉम्प्युटरमधूनच कुकी उचलतं. तिथे कुकीची मुदत कमी ठेवणं आणि चॅनलचं नाव बदलण्यासारख्या कामाआधी पुन्हा पासवर्ड विचारणं, असे उपाय कामी येतात.

सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात नुसती विंडो बंद केली, तर कुकी तिथेच राहू शकते. त्यामुळे आधी लॉगआउट दाबा. विसरलात, तर घरी येऊन सेटिंगमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' शोधा.