पैलवानाचा कान का मोडतो?

सोनपेठ भागात जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की मुरलेला पैलवान कानावरूनच ओळखू येतो. कानाच्या घड्या बुजलेल्या, वरची कडा गोळा होऊन टणक झालेली. आपण म्हणतो कान मोडला. खरं तर तो उपासमारीने गेलेला असतो.

तसा कानाला रक्ताचा तोटा नाही. मानेतून वर चढणारी बाह्य ग्रीवा धमनी एक फांदी कानामागे, एक कानापुढून डोक्याकडे, तर एक जबड्याच्या आत धाडते. कानाच्या भोकापुढे बोट हलकेच दाबा, ठोका लागेल. पण कानाला आकार देणाऱ्या कूर्चेत स्वतःची रक्तवाहिनीच नसते. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. डोक्याला डोकं घासून हे आवरण सुटतं, मध्ये रक्त साकळतं, कूर्चा मरते आणि जागी कडक गाठ धरते. सूज मऊ आहे तोवरच डॉक्टरांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान बहुधा वाचतो. घरी सुई अजिबात टोचू नये. पाळीत कूर्चा नाही, म्हणून सोनाराने टोचलेली पाळी लवकर भरते. वरच्या कडेला टोचून पू झाला, तर मात्र कान वाकडा होऊ शकतो.

कान-जबड्याचं नातं गर्भापासूनचं. कानातल्या जेमतेम ३ मिलिमीटरच्या रिकिबीच्या हाडाला भोक असतं, कारण गर्भात त्यातून एक धमनी जात असते. पुढे ती विरते आणि तिच्या फांद्या जबड्याची धमनी ताब्यात घेते.

वरच्या जबड्याला रक्त अनेक वाटांनी मिळतं. खालच्या हाडाची मुख्य भिस्त दातांच्या मुळांखालून जाणाऱ्या एका धमनीवर. तंबाखू-गुटख्याच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यावर दात उपटला, तर बहुतेकदा खालचंच हाड सडतं ते यामुळे. किडके दात रेडिएशनच्या आधीच काढून जखम भरू द्यावी.

सगळ्यात नाजूक आतला कान. त्याचं रक्त मेंदूच्या बुडाकडून, एकाच बारीक धमनीतून येतं. ती बंद पडली तर दुसरी वाट नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर कारण रक्ताचंच असेल असं नाही, पण मळ समजून तेल घालत आठवडा काढू नये. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या २ आठवड्यांत जास्त होतो. त्याच दिवशी परभणी किंवा अंबाजोगाई गाठून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.