शाळेचा घरीं आलेला निरोप

वर्षांतून दोन वेळां, एकदां दिवाळीच्या तोंडावर आणि एकदां वैशाखाच्या उन्हांत, मुंबईच्या उपनगरांतील घरोघरीं शाळेचा एक निरोप येतो. घाटकोपर-मुलुंड असो कीं अंधेरी-बोरिवली असो, मूल दप्तरांतून प्रगतिपुस्तक काढून वडिलांपुढें ठेवतें, आणि तें कोणाच्या हातीं आधीं पडावें याविषयीं घरांत क्षणभर धांदल उडते. आजोबा चष्मा शोधतात, काका मागून डोकावतात, चुलत भावंडें आपापलें पुस्तक पाठीमागें लपवितात. मग सर्वांची दृष्टि एकाच रकान्याकडे धांव घेते. गणितांत किती, इंग्रजींत किती, वर्गांत पहिला कोण आला, हे तीन प्रश्न झाले म्हणजे निरोप ऐकून झाला असें आपण समजतों. सही होते आणि पुस्तक दप्तरांत परत जातें. आम्हीं पस्तीस वर्षें हे निरोप लिहिले, आतां नातवंडांचे वाचतों. दोन्ही बाजू पाहिल्यावर त्यांतील न वाचलेल्या भागाविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें.

छांदोग्य उपनिषदांत श्वेतकेतूची कथा आहे. तो बाराव्या वर्षीं गुरुगृहीं गेला आणि चोविसाव्या वर्षीं सर्व वेदांचें अध्ययन करून परत आला. विद्या पुरी झाली होती, परंतु तिच्याबरोबर गर्वहि घरीं आला होता. पिता आरुणि यानें त्यास किती शिकलास असें विचारलें नाहीं. ज्याच्यायोगें न ऐकलेलेंहि ऐकल्यासारखें होतें, तें तूं गुरूंस विचारलेंस काय, असें विचारलें. मुलगा निरुत्तर झाला आणि मग पित्यानें स्वतःच त्यास शिकविण्यास आरंभ केला. बारा वर्षांच्या अध्ययनाचा हा घरचा निकाल होय. गुरूनें काय शिकविलें हें पाहण्याआधीं मुलगा कसा होऊन आला हें पित्यानें पाहिलें, म्हणून कोठून शिकवावयाचें तें त्यास कळलें.

आमच्या उपनगरांत पूर्वीं हा निरोप कागदाची वाट पाहत नसे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें विलेपार्ल्यास पार्ले टिळक विद्यालय निघालें. पु. ल. देशपांडे हे याच शाळेचे विद्यार्थी. संस्थेनें पुढें १९५९ सालीं महाविद्यालयहि काढलें. तेंच आजचें साठये महाविद्यालय. शाळा निघाली त्या काळीं पार्लें मुंबईच्या महापालिकेंत नव्हतें. तें एक वेगळें लहानसें गांवच होतें. अशा वस्तींत मास्तर आणि पालक बाजारांत, देवळांत किंवा स्टेशनच्या वाटेवर सहज भेटत, आणि चिरंजिवांचें कसें काय चाललें आहे हें उभ्याउभ्या कळे. १९५० सालीं आणि पुन्हां १९५७ सालीं महापालिकेची हद्द उत्तरेस सरकली. दुसऱ्या खेपेस ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोंचली. आज बोरिवलीच्या शाळेंत शिकविणारा विरारहून येतो, मुलुंडच्या शाळेंत शिकविणारी डोंबिवलीहून येते, आणि शाळा सुटली कीं दोघांसहि परतीची लोकल गांठावयाची असते. पालकांची गाडी त्याच्याहि नंतरची. तोंडचा निरोप असा खुंटला. उरला तो कागद. त्याची किंमत वाढली आहे, आणि आपण मात्र तो अर्धाच वाचतों.

केवळ गुण पाहण्याची खोड आपणांस लागली, तिलाहि कारण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. पुढें नव्वद वर्षें कोणास कॉलेजची पायरी चढतां यावी आणि कोणास कारकुनी मिळावी, हें बव्हंशीं या एका परीक्षेवर ठरे. १९४९ पासून तिच्या जागीं शालान्त परीक्षा आली आणि १९७५ सालीं ती अकरावीवरून दहावीवर आली. परीक्षेचें नांव बदललें, इयत्ता बदलली, पण आंकडा हा पोटाचा प्रश्न राहिला तो राहिलाच. आपले आजोबा आंकडा पाहत, म्हणून आपणहि आंकडाच पाहतों.

परंतु कागद मध्यंतरीं बदलला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला, १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्रानें त्याच वर्षीं पहिली ते आठवीसाठीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केलें. त्या योजनेंत पहिली-दुसरीच्या मुलास १०० पैकीं ७० गुण वर्गांतील रोजच्या कामावरून आणि ३० गुण सत्राखेरच्या परीक्षेवरून ठरले. तिसरी-चौथीस हें प्रमाण ६० व ४०, पांचवी-सहावीस ५० व ५०, सातवी-आठवीस ४० व ६०. रोजच्या कामांत शिक्षकाचें निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हें सर्व आलें. दोहोंची बेरीज होऊन श्रेणी मिळते: ९१ पासून पुढें अ-१, ६१ ते ७० ला ब-२, ३३ ते ४० ला ड, याप्रमाणें.

आतां पांचवींतील दोन मुलें घ्या. एक तोंडीं चटकन् सांगतो, पण लिहावयास बसला कीं अडखळतो. दुसरा वर्गांत तोंड उघडीत नाहीं, पण पेपर नेटका लिहितो. दोघांचीहि श्रेणी ब-२ येते. घरीं दोघांस द्यावयाची मदत मात्र अगदीं निराळी. पहिल्यास रोज पानभर शुद्धलेखन हवें. दुसऱ्यास जेवतांना कोणीं तरी चार गोष्टी विचारून बोलतें केलें पाहिजे. हा भेद श्रेणींत दिसत नाहीं. तो दिसतो खालच्या वर्णनात्मक नोंदींत: विशेष प्रगति, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. निरोप म्हणावा तो या तीन ओळींतच.

आठवीपर्यंत कोणी नापास होत नाहीं, मग एवढें बारकाईनें वाचावयाचें कशास, असें म्हणण्याचीहि सोय आतां उरलेली नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस मिळाली आणि महाराष्ट्रानें २०२३-२४ या वर्षापासून ती अंमलांत आणली. न उतरलेल्या मुलास पुन्हां परीक्षा देण्याची संधि मिळते. तींतहि न जमल्यास त्याच वर्गांत बसावें लागतें. म्हणून दिवाळीपूर्वींचें पत्रक ही वेळेवर मिळालेली सूचना आहे. एप्रिलअखेर ती वाचणें म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोंचणें.

आतां दोष केवळ वाचणाऱ्यांचा नाहीं, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवींतील एक मुलगा गणितांत मागें होता आणि चित्रें मात्र सुरेख काढी. रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा तो चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला होता. वार्षिक निकालाच्या दिवशीं आम्हांस साठ प्रगतिपुस्तकें पुरीं करावयाचीं होतीं. आम्ही त्याचे वर्गशिक्षक. शेऱ्याच्या जागीं आम्हीं घाईनें लिहिलें, 'चित्रें काढण्यांत वेळ घालवितो.' लिहितांना त्यांत कांहीं वाईट आहे असें मनांतहि आलें नाहीं.

पुढच्या दिवाळीपूर्वीं पालकसभेस त्या मुलाचे आईवडील आले नाहींत. त्याची आजी आली. नऊवारी नेसलेली, हातांत पिशवी. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही एक ओळ लिहिलीत. आमच्याकडे ती सर्वांदेखत वाचली गेली. त्याच्या थोरल्या काकांनीं रंगांची पेटी कपाटांत टाकून कुलूप लावलें. इंटरमीजिएटला यंदा बसूं दिलें नाहीं. गणित होतें तेथेंच आहे. पोरगा आतां बोलत नाहीं, एवढाच फरक."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या सत्राच्या पुस्तकांत आम्हीं लिहिलें, 'चित्रकलेंत विशेष गति. बीजगणितांत ऋण चिन्हांपाशीं अडतो; रोज पांच उदाहरणें पुरेत.' तो कागद घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरीं गेलों. काकांनीं तो दोनदां वाचला आणि कपाटाची किल्ली आजीच्या हातीं दिली. मुलगा पुढच्या वर्षीं, दहावींत असतांना, इंटरमीजिएटला बसला. एक वर्ष मात्र गेलें तें गेलेंच, आणि तें आमच्या एका ओळीनें गेलें. त्यानंतर शेरे लिहावयाचे ते आम्ही आधीं पेन्सिलीनें लिहीत असूं आणि रात्र उलटल्यावर त्यांवर शाई फिरवीत असूं.

एकत्र कुटुंबांत शेरा एकट्या आईबापांपुरता राहत नाहीं. त्याचा निवाडा सबंध घर करतें. हेंच आपल्या घराचें बळ आहे आणि मुलाच्या दृष्टीनें भयहि आहे. म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, पुस्तक हातीं आलें म्हणजे नोंदींच्या तीन ओळी आधीं वाचाव्या, श्रेणी मागून पाहावी. वाचन आईवडिलांनीं मुलास जवळ घेऊन करावें. चुलत भावंडांच्या मेळाव्यांत तें मोठ्यानें वाचूं नये आणि एकाचें पुस्तक दुसऱ्याच्या शेजारीं ठेवूं नये. ओळ मोघम असली, 'लक्ष नाहीं' अशी, तर कोणत्या विषयांत, कोणत्या तासाला, असें शाळेंत जाऊन विचारावें. विचारणारा पालक शिक्षकास जड वाटत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. वडिलांस गाडीमुळें सभेस जाणें न जमल्यास आजी-आजोबांनीं जावें. घरीं मुलाच्या सहवासांत पुष्कळदां तींच अधिक असतात. आजकाल शाळेच्या सूचना मोबाईलवर येतात. सुटी केव्हां आणि शाळा केव्हां उघडणार, एवढ्यास ती सोय उत्तम; पण मुलाविषयींचें बोलणें शेंदीडशें जणांच्या समूहांत होऊं नये.

शिक्षकबंधुभगिनींसहि एक सांगणें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, मुलानें स्वतःविषयीं आणि सोबत्यांनीं त्याच्याविषयीं केलेलें मूल्यमापनहि प्रगतिपत्रकांत यावें असें सुचविलें आहे. रकाने वाढतील. परंतु रकाना कोणताहि असो, मूल कोठें अडलें आणि घरानें काय करावें, या दोन गोष्टी ज्या ओळींत नाहींत ती ओळ लिहिली न लिहिली सारखीच; आणि जींत केवळ दोष आहे ती न लिहिलेली बरी.

येत्या सुटीच्या आदल्या दिवशीं आपल्या घरींहि दप्तर उघडेल. सही करण्यापूर्वीं पुस्तक क्षणभर बाजूस ठेवून समोर उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावें. निरोपाचा उरलेला भाग तेथें लिहिलेला असतो.